जुनी जीप, घरचे हात

आज आपण एका म्हाताऱ्या जीपविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, लोणच्या-पापडाच्या, आरोग्याच्या, बचतीच्या गप्पा सोडून हे काय काढलं? पण आठवून बघा. तुमच्या गावात एखाद्या तरी अंगणात जुनी जीप उभी असेल. कुठे ट्रॅक्टर असेल, कुठे टेम्पो. बाळंतीण तिच्यातून दवाखान्यात जाते, भाजी तिच्यातून बाजारात जाते, आणि ती बंद पडली की गॅरेजचं बिल घरातल्याच पैशातून जातं. कधी कधी आपल्या गटाचं कर्जही त्यात जातं. पैसा आपला जातो, मग त्या गाडीचं झाकण उघडून आत बघायला आपल्याला काय हरकत आहे?

आम्ही गोराईच्या. गोराई म्हणजे मुंबईच्या बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या पलीकडे. पत्ता मुंबईचा, पण राहणी अजून गावाची. माणसं होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला जातात. मोटारीने जायचं तर उत्तन आणि भाईंदरवरून मोठा वळसा. रात्री उशिरा बोटी बंद झाल्या, की हा वळशाचा रस्ता तेवढा उरतो. आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघी जावा आणि एक नणंद, अशा चौघी. आणि दारात एक १९६८ सालची जीप. अवेळी कुणाच्या पोटात दुखलं, कुणाचे दिवस भरले, की आळीतली माणसं आमच्या दाराशी येतात. त्या वेळी जीप सुरू झाली पाहिजे आणि उतारावर थांबली पाहिजे. आमच्या सगळ्या देखभालीचा अर्थ एवढाच.

आधी हे वाहन कुठून आलं ते थोडक्यात ऐका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी जीप बनली. चिखल, वाळू, दगड, कुठेही चालणारी, चारही चाकांना जोर लावता येणारी छोटी गाडी. विलीज ही ती बनवणारी एक मोठी कंपनी. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. स्वातंत्र्यानंतर तिने विलीजच्या जीप इथे जोडायला सुरुवात केली. पुढे आमच्या शेजारच्या कांदिवलीत, आकुर्ली रोडला, तिचा मोठा कारखाना उभा राहिला. तालुक्याच्या कचेरीत, धरणाच्या कामावर, निवडणुकीच्या प्रचारात जी उंच नाकाची जीप आपण पाहिली, ती बहुतेक सीजे थ्री बी या जातीची. विलीजने ती १९५३ मध्ये काढली. तिचं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. त्यावरून ती लांबूनही ओळखू येते.

अशी गाडी घरी सांभाळता येते, कारण तिच्यात लपवलेलं काही नाही. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, आणि बहुतेक नटांपर्यंत हात पोचतो. ज्या बाईने पाट्यावरचं वाटण, स्टोव्हची पिन आणि शिवणयंत्राचं तेलपाणी केलं आहे, तिला हे कळायला अवघड नाही. स्टोव्हच्या निपलमध्ये कचरा अडकला की ज्योत कशी भकभकते? कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की इंजिनचंही तसंच होतं.

आता कामाला हात घालण्याआधीच्या गोष्टी. या नीट ऐका, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

पदर कमरेला घट्ट खोचायचा. ओढणी काढून ठेवायची. केसांचा अंबाडा. चालू इंजिनचा पंखा आणि पट्टा कापड ओढून घेतात, आणि मग सोडत नाहीत. हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढायची, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकायचं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला की ठिणगी उडते आणि बांगडी क्षणात लाल होते. बॅटरी सोडवताना आधी उणे टोक काढायचं, जोडताना ते सगळ्यात शेवटी जोडायचं. आगपेटी, दिवा, विडी, काही जवळ नको. आमच्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, त्यामुळे उजेडासाठी फक्त टॉर्च.

चाक उचलायचं असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो मधल्या गिअरच्या पेटीच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं, की ते मोकळं फिरू शकतं, आणि मग जमिनीवरचं दुसरं चाकही हँडब्रेक ओढलेला असताना गडगडतं. म्हणून जॅक लावण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावायचे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधी शिरायचं नाही. चासीखाली भक्कम लाकडी ओंडके किंवा स्टँड ठेवायचे आणि गाडी त्यांच्यावर टेकवायची. मुलांना तेवढ्या वेळापुरतं शेजारी पाठवायचं.

आमची पहिली सवय म्हणजे रविवारची दहा मिनिटं. गाडी सकाळी, थंड असताना, सपाट जागेवर. पाच गोष्टी बघायच्या, आणि दर वेळी याच क्रमाने.

एक, जमीन. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी त्यावरचे डाग वाचायचे. काळा, गुळगुळीत डाग इंजिन ऑइलचा. जाड, उग्र वासाचा डाग गिअर ऑइलचा. साधं किंवा हिरवट पाणी रेडिएटरचं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते. ती दिसली की त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. जुन्या जीपला थोडा थेंब गळतोच, असं लोक हसून सांगतात. ते खरंही आहे. पण मागच्या रविवारी दोन थेंब होते आणि आज वाटीभर आहे, हा फरक पुठ्ठाच दाखवतो.

दोन, इंजिन ऑइल. ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. रंग काळा असला तर घाबरू नका. पण चहात दूध पडल्यासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलं आहे. मग गाडी सुरू करायची नाही, मिस्त्रीला बोलवायचं. ऑइल आम्ही तीन हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदलतो. काढलेलं ऑइल खाडीत, नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. जुन्या डब्यात भरून गॅरेजला द्या.

तीन, पाणी. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर कधी उघडू नका. आतलं पाणी वाफेच्या जोराने उसळून तोंडावर येतं. थंड असताना उघडा, पाणी तोंडापासून बोटभर खाली हवं. रबरी पाईप दाबून बघा. कडक झाला असेल, भेगा असतील किंवा फुगला असेल तर तो बदलायचा. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की अर्धा ते एक इंच दबला पाहिजे. जास्त सैल असला तर इंजिन तापतं आणि बॅटरी चार्ज होत नाही. फार ताठ असला तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो.

चार, ब्रेक. त्याचं वेगळं सांगतो.

पाच, टायर. हवा, कापलेली जागा, खिळा, आणि घासलेला भाग. टायर एकाच कडेला जास्त घासला असेल तर दोष टायरचा नसतो. पुढच्या चाकांचा अँगल किंवा किंगपिन सैल झालेला असतो. स्टिअरिंग हाताने हलवून बघा. चाक वळायच्या आधी स्टिअरिंग बरंच नुसतं फिरत असेल, तर तो प्ले काढून घ्या. आणि हो, स्टेपनीतली हवाही बघा. तिला सगळे विसरतात.

आता ब्रेक. आजकालच्या गाड्यांमध्ये ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तर दुसरा थोडंफार थांबवतो. आमच्या जीपला एकच मार्ग आहे. पायाखालच्या एका मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना तेल जातं. एका चाकाचं रबर फाटलं, एक नळी फुटली, की तेल तिथून निघून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून या गाडीत ब्रेकची ‘थोडीशी’ गळती असं काही नसतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद. ब्रेक पायाने जोरात दाबा आणि मनात साठ आकडे मोजा. पाय जिथे थांबला तिथेच राहिला पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर तेल कुठेतरी निसटतं आहे. पहिल्या दाबात पाय खाली जातो आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतो, असं असेल तर बूट घासलेत किंवा त्यांचं अंतर वाढलं आहे. पायाखाली स्पंजासारखं मऊ लागत असेल, तर नळीत हवा आहे.

मास्टर सिलिंडरचं झाकण आमच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्यातल्या छोट्या झाकणाखाली आहे. तिथे सगळी चपलांची माती साचते. म्हणून आधी ब्रश, मग ओलं फडकं, मग कोरडं, आणि त्यानंतरच झाकण उघडायचं. आत एक खडा पडला तरी रबर फाडतो. तेल फक्त ब्रेकचंच घालायचं, सीलबंद डब्यातलं. घरात आहे म्हणून इंजिन ऑइल किंवा खाण्याचं तेल घालणं म्हणजे घात. त्याने रबरं फुगतात आणि ब्रेक अडकतो किंवा जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. खारी हवा, पाऊस, आणि वर अर्धा उघडा डबा. म्हणून उघडून महिनोन्महिने पडलेला डबा वापरू नका, आणि दोन वर्षांनी सगळं तेल बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग उठवतं.

हवा काढायचं काम आम्ही दोघी जावा मिळून करतो. एक जण पायाशी, एक जण चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. चाकाच्या मागच्या छोट्या निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं. पायाशी असलेली म्हणते, ‘दाबलं.’ चाकाशी असलेली निपल थोडा सैल करते, बुडबुडे येतात, निपल पुन्हा घट्ट करते आणि म्हणते, ‘सोड.’ निपल घट्ट झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मध्ये मध्ये मास्टर सिलिंडरमधलं तेल वाढवत राहायचं. झालं की आधी जागेवर, मग अंगणात, मग सपाट रस्त्यावर हळू चालवून बघायचं. उतारावर पहिली परीक्षा घ्यायची नाही.

ड्रम उघडला तर आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाईपनेही उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं तर निघत नाही. तोंडाला फडकं बांधून, ओल्या कपड्याने पुसून घ्या आणि तो कपडा पिशवीत बांधून टाका. नवीन लायनिंग बसवणं, सिलिंडरची रबरं बदलणं, हे काम आम्ही मिस्त्रीकडूनच करून घेतो. हात धजावतो म्हणून सगळंच घरी करायचं नसतं.

पुढचं काम ग्रीसचं. पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे सांधे, फिरणाऱ्या दांड्यांचे क्रॉस, या प्रत्येक ठिकाणी छोटा निपल असतो. निपल पुसायचा, ग्रीस गन लावायची, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत दाबायचं. निपल न पुसता ग्रीस मारलं तर वाळूही आत ढकलली जाते. दर दीड हजार किलोमीटरला एकदा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा. गाडी पाण्यातून गेली असेल तर घरी आल्यावर लगेच.

गोराईला आमचा खरा वैरी खारी हवा. तुमच्याकडे तो शेणखताचा ओलावा असेल, ऊसतोडीच्या दिवसांतला चिखल असेल किंवा खताच्या पोत्यांचा चुरा असेल. खतही लोखंड खातं. आठवड्याला गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. चासीच्या आत, पत्र्याच्या घडीत, सीटखाली माती बसते आणि ओल धरते. पाणी जायला पत्र्याला जी भोकं असतात ती काडीने मोकळी ठेवायची. गंज दिसला की त्यावर रंग फासून तो लपवू नका, खाली तो वाढत जातो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत घासा, कोरडं करा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग वरचा रंग. मात्र चासीलाच भोक पडलं असेल, किंवा पाटे जिथे धरलेत तिथे पत्रा पोखरला असेल, तर चांगला वेल्डर गाठा. टाकीजवळ वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी उतरवायलाच हवी. रिकाम्या टाकीतली वाफही भडकते.

आता सुरू न होणारी गाडी. इंजिनला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. एकेक तपासत जायचं.

ठिणगीसाठी प्लग बघा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन खुशीत आहे. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे किंवा हवेची गाळणी चोंदली आहे. ओलं, तेलकट असेल तर आत ऑइल चढतं आहे. आमच्या गाडीला प्लगच्या टोकांत पाऊण मिलिमीटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर ठेवतो. मोजायला पातळ पत्त्यांचा गेज मिळतो. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. प्लगच्या चार वायरी काढल्या की कुठली कुठे हा गोंधळ होतो. आम्ही त्यांना दोऱ्याच्या गाठी बांधल्या आहेत. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, असं चारपर्यंत. या इंजिनची पाळी एक, तीन, चार, दोन अशी आहे. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरली की ठिणगी मरते. टोपण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसलं तर कित्येकदा तेवढ्यावर काम होतं.

पेट्रोलसाठी पंपाची काचेची वाटी बघा. तळाशी पाणी किंवा गंजाचा गाळ दिसला तर वाटी आणि जाळी साफ करा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या जुन्या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हतं. इथेनॉल जुनी रबरं कडक करतं किंवा मऊ करून फुगवतं, आणि ओलावा ओढतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या जातीच्या बसवून घ्या, पंपाचा पडदाही तसाच मागा. गाडी महिनोन्महिने उभी ठेवून पेट्रोल शिळं करू नका. पेट्रोलचा वास आला की आधी गळती शोधायची, मग किल्ली फिरवायची.

बॅटरी मेली तर हँडल मारून इंजिन सुरू करता येतं. पण आधी गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे बघा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळून धरू नका. इंजिन उलटं मारलं तर हँडल जोरात परत येतं, आणि वळलेला अंगठा मोडतो. खालून वर एका झटक्यात ओढायचं. गरगर फिरवायचं नाही.

आणि चारही चाकांच्या जोराबद्दल. तो चिखलासाठी, वाळूसाठी, ओल्या बांधासाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत, आणि सगळा पीळ दांड्यांवर आणि गिअरवर येतो. पण कधीच लावला नाही तर तो अडकून बसतो. महिन्यातून एकदा ओल्या मातीवर थोडं चालवून घ्या.

आता आमच्या सगळ्यात स्वस्त हत्याराबद्दल. ते म्हणजे वही. गटाच्या हिशोबाची असते तशी. तारीख, किलोमीटर, ऑइल किती घातलं, पाणी किती घातलं, काय बदललं, कुणी बदललं, किती रुपये दिले. नणंद दर रविवारी लिहिते.

तिचा उपयोग ऐका. दोन वर्षांपूर्वी जीप चढाला तापायला लागली. एका गॅरेजने सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, पूर्ण काम निघेल. आकडा ऐकून सासूबाई गप्प झाल्या. आम्ही वही काढली. पाच आठवडे पाणी थोडं थोडं जास्त लागत होतं. ऑइल मात्र तितकंच होतं आणि दुधाळ झालं नव्हतं. पुठ्ठ्यावर पाण्याचा डाग पुढच्या बाजूला, पंख्याच्या खाली. म्हणजे पाणी इंजिनच्या आत जात नव्हतं, बाहेर गळत होतं. वही घेऊन दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो.

‘काका, हे जरा बघता का? पाणी कधीपासून कमी होतंय ते लिहिलंय.’

त्यांनी चष्मा लावून पानं चाळली आणि पंखा धरून हलवला. पंख्याचा दांडा खिळखिळा झाला होता. ‘ताई, पाण्याचा पंप गेलाय. इंजिनला हात लावायचं कारण नाही.’

पंप बदलला, जीप आजही त्याच पंपावर चालते. इंजिनच्या कामाचे पैसे वाचले, आणि ते नणंदेच्या नर्सिंगच्या फीला गेले.

मिस्त्रीशी वागायचे आमचे तीन नियम आहेत. काम सांगण्याआधी लक्षण सांगायचं. ‘क्लच बदला’ असं न म्हणता ‘पहिला गिअर टाकताना कर्रकन वाजतं’ असं म्हणायचं. दुसरा, काढलेला जुना पार्ट परत मागायचा. ‘काका, जुना पार्ट पिशवीत घालून द्या’, एवढं हसून म्हटलं की पुरतं. तिसरा, चांगल्या मिस्त्रीचे पैसे थकवायचे नाहीत आणि त्याच्या ज्ञानाला मान द्यायचा. या गाड्यांचे हात कमी होत चालले आहेत. मुंबईत जुने पार्ट शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार आहे. तुमच्याकडे तालुक्याच्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा. नेताना जुना पार्ट बरोबर घ्या आणि मापाला माप लावूनच पैसे द्या. ब्रेकची रबरं आणि नळ्या मात्र भंगारातून कधीच नाहीत.

शेवटी कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. खासगी मोटारीच्या या कामाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. उशीर केला तर महिन्याला दंड चढतो. शिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांना पर्यावरण कर आहे, विमा आणि पीयूसी आहेच. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर या सगळ्या मुदतीच्या तारखा लिहा. हे पैसे एकदम उभे करणं जड जातं. आम्ही दर महिन्याला थोडे बाजूला टाकतो.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये एक वेगळी सोय झाली. मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. आमची जीप त्या वयाची आहे. एका ओळखीच्याने सुचवलं, व्हिंटेज करा, किंमत वाढेल. घरात बसून चौघींनी विचार केला. किंमत वाढेल, पण रात्री बारा वाजता दाराशी कुणी आलं तर तिचा उपयोग काय? आम्ही साधी नोंदणीच ठेवली. तुमच्या दारात अशी गाडी असेल आणि कुणी गोड बोलून कागदावर सही मागितली, तर आधी हा फरक विचारा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. गावातली एखादी जुनी जीप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर बैठकीच्या जागी आणायला सांगा. तिच्या मालकिणीला बॉनेट उघडू द्या. ऑइलची पट्टी एकेकीने काढून बघा, पाय ब्रेकवर ठेवून साठ मोजा, पुठ्ठ्यावरचे डाग वाचा. आणि एक कोरी वही घेऊन पहिल्या पानावर आजची तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या रविवारी दुसरी ओळ लिहायची आहे.